सर्वांत सुरक्षित कारखाना

मालकाला पुरस्कार द्यायचा ही कल्पना पेंटरची. माझी नाही. माझं डोकं भांडणाच्या पुढे जात नाही.

झालं होतं असं. वहिनी ज्या कारखान्यात शर्ट शिवते, तिथे इस्त्रीजवळचा कापडाचा गठ्ठा पेटला. धूर झाला, बायका मागच्या दाराकडे पळाल्या, तर दाराला कुलूप. का, तर म्हणे तिथून शर्ट चोरीला जातात. कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं म्हणून माझा भाऊ आज विधुर नाही. सरकारी तपासनीस आले, चहा प्याले, गेले. कुलूप जागच्या जागी.

मग आम्ही तिघांनी कंबर कसली. पाट्या रंगवणारा पेंटर. मामा, ज्यांच्या मिशा बघून पोलीससुद्धा बाजूला होतात. आणि मी, लग्नाकार्यात माइकवर बोलणारी, म्हणून घरात माझं नाव भोंगा. आम्ही ‘सुरक्षित उद्योग मंडळ’ काढलं. त्याला ना कचेरी, ना खुर्ची. मामांनी मालकाला फोन लावला आणि भारदस्त आवाजात त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. “सर्वांत सुरक्षित कारखाना तुमचाच. पत्रकारांसमोर मागच्या दाराची फीत आपल्याच हस्ते कापायची.” फीत कापली जाईल, दार उघडणार नाही आणि कुलपाचे फोटो निघतील, असा आमचा बेत. वहिनीला काही सांगितलं नव्हतं. ती घाबरून भावाला सांगणार, आणि भावाला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं.

त्या दिवशी मी पेंटरच्या बायकोचा कोट आणि बिननंबरी चष्मा घालून माइकसमोर उभी. मजा अशी येत होती की हसू ओठ चावून दाबावं लागत होतं. पत्रकार आले होते, कॅमेरेवालाही होता. बायकांच्या रांगेतून वहिनीनं मला पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या, मग तिनं मान दुसरीकडे वळवली. बाई शहाणी आहे.

मालकानं फीत कापली, कडी ओढली आणि दार अलगद उघडलं. बाहेर छान ऊन, दोन्ही बाजूंना कुंड्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पुरस्कार मिळणार म्हणून मेल्यानं आदल्याच दिवशी कुलूप काढून, बिजागऱ्यांना तेल देऊन, दार रंगवून घेतलं होतं. करायला गेलो एक, झालं भलतंच. मामांनी नाइलाजानं स्मृतिचिन्ह त्याच्या हातात दिलं, आणि तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, “आमच्याकडे हे दार कायम उघडंच असतं.”

टाळ्या पडल्या. मला माइकसमोर रडूच यायला लागलं.

“मॅडम, मी दोन शब्द बोलू का?” रांगेतून वहिनी म्हणाली.

मला तिनं जन्मात मॅडम म्हटलेलं नाही. मी माइक दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

“साहेबांचे आभार. इतकी वर्षं इथे काम करते, या दारापलीकडे काय आहे ते आज पहिल्यांदा दिसलं. परवापर्यंत इथे कुलूप होतं. आग लागली तेव्हा आम्ही हेच दार बडवत होतो. आता साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलंय, कायम उघडं. म्हणजे यापुढे लावायचं नाही.”

कॅमेरा गर्रकन तिच्याकडे वळला. “आग? कधी लागली?” एका पत्रकारानं विचारलं, आणि बायका एकदम बोलायला लागल्या.

“कार्यक्रम संपला,” मालक रखवालदाराला म्हणाला. “दार लावून घे.”

वहिनी उंबरठ्यावर जाऊन उभी राहिली. नोकरी गेली, हे तिला कळलं होतं. तोंडावर दिसतच होतं. घरात दर महिन्याला नक्की येतो तो तिचाच पगार, आणि हा उद्योग माझा. मला खरंच भीती वाटली. तेवढ्यात काजं करणारी तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली. मग इस्त्रीवाली. मग कॉलरवाल्या दोघी. मग कोण कोण ते मोजायला मी थांबले नाही, चष्मा काढून मीही घुसले. वहिनीनं माझा दंड असा धरला की दुखलाच.

रखवालदारानं दाराला हात लावला. आमच्याकडे पाहिलं, मालकाकडे पाहिलं.

“साहेब,” तो म्हणाला, “लावू कसं?”