डाव्या हाताचा मुद्गल

मी एक जुना मुद्गल आहे, आणि लोखंडी डंबेलशी झालेली शर्यत मी हरलो. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसं काही झालेलं नाही. मी मजेत आहे.

माझा जन्म मिरजेचा. सुताराने मला बाभळीतून तासलं, तेल पाजलं आणि श्यामरावांच्या स्वाधीन केलं. ते मला खांद्यामागून फिरवत आणि लोक म्हणत, "काय दंड आहेत!" माझं नाव कोणी घेत नसे. मला काही वाटलं नाही. लाकडाला तशी सवय नसते.

बहात्तर साली त्यांचे चिरंजीव दिगंबर बदली होऊन कलकत्त्याला आले. नोकरी खिदिरपूरच्या गोदीत, बिऱ्हाड डमडमला. वळकटीत गुंडाळून मीही आलो. पाठोपाठ त्यांचा मेहुणा जयप्रकाश डंबेल घेऊन हजर झाला.

"भावोजी, मुद्गलाने नुसता दम वाढतो. स्नायू पाहिजेत तर वजन उचला, हळूहळू वाढवत न्या."

"आमच्या बाबांचे दंड काय आपोआप झाले?"

"दुधाने झाले असतील!"

दिगंबररावांच्या पत्नी शकुनताई म्हणाल्या, "घरात पाय ठेवायला जागा नाही. दोघांतलं एकच राहील. डंबेल हरलं तर भंगारात, मुद्गल हरला तर शेगडीत."

त्या वर्षी कोळसा ओला येत होता. त्या मनापासून बोलत होत्या.

दिगंबररावांनी शास्त्रीय तोडगा काढला. दोन माणसांची तुलना केली तर खाण्यापिण्याचा फरक आड येतो. म्हणून तुलना एकाच माणसात करायची. उजवा हात डंबेलचा, डावा माझा. पावसाळाभर ते एका बाजूने वजन उचलत आणि दुसऱ्या बाजूने मला फिरवत. बाबूंना अर्धांगवायू झाला का, म्हणून शेजारी विचारून गेले.

थंडीत शकुनताईंनी शिवणाची टेप लावली. उजवा दंड चांगलाच जाड निघाला. जयप्रकाश नाचला. दिगंबररावांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं. मला उचलून शेगडीपाशी ठेवण्यात आलं. ऊब बरी होती.

तेवढ्यात शकुनताई थबकल्या. "अहो, बसच्या दारात कुठल्या हाताने लोंबकळता?"

"उजव्या. दार डावीकडे असतं, डाव्यात डबा असतो."

"डमडमपासून खिदिरपूरपर्यंत?"

"येताना पण."

जयप्रकाशने विचारलं, "म्हणजे बस जिंकली?"

"बस घरात मावत नाही," शकुनताई म्हणाल्या. "फेरतपासणी होईपर्यंत मुद्गल राहू दे इथेच. शेगडीजवळ."

तेव्हापासून मी इथेच आहे. एक बाजू जरा करपली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, आणि जपणं जमत नसेल तर निदान खालील अर्जावर सही करा.

माननीय परिवहन अधिकारी यांस सविनय विनंती की, योग्य तुलनेच्या हितार्थ, डमडम ते खिदिरपूर मार्गावरील सर्व बसगाड्यांचे दरवाजे एक वर्षापुरते उजव्या बाजूस बसवण्यात यावेत, जेणेकरून श्री. दिगंबर यांना डाव्या हाताने लोंबकळता येईल. निर्णय होईपर्यंत अर्जदारास जाळण्यात येऊ नये.