घड्याळ बघणारा हैवान

रविवारच्या पुरवणीत लेकीचा लेख आला की सोफेवाला हातातली सुई खाली ठेवायचा आणि दुकानभर ऐकू जाईल असा वाचायचा. कुठल्यातरी अडगळीतल्या, चार दमड्यांत काढलेल्या सिनेमाची ती अशी काही सालटी काढायची की गिऱ्हाईकही हसून लोळायचं. बापाला तर आभाळ ठेंगणं व्हायचं.

या रविवारी मात्र पुरवणी आधी त्याच्या बायकोच्या हाती लागली आणि बाई मथळ्यापाशीच अडल्या. लेख होता ‘दलदलीतला हैवान’वर.

तो सिनेमा खुद्द सोफेवाल्यानेच काढला होता. तरुणपणीचं खूळ, दुसरं काय. हैवान सोफ्याच्या फोमचा, पाठीला चेन. ठरलेला नट त्या कातड्यात गुदमरून पहिल्याच दिवशी पळाला, तेव्हा बाईच आत शिरल्या. पडद्यावर दिग्दर्शक म्हणून टोपणनाव होतं म्हणून बरं, कारण लोक घाबरायच्या जागी हसले आणि सिनेमा आपटला. त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. लेक तेव्हा तान्ही होती, तिला याचा गंधही नव्हता.

तिने लिहिलं होतं: ‘नायक दर प्रसंगात शर्ट बदलतो, चेहरा मात्र तोच ठेवतो. वादळ टेबलफॅनचं आहे, एकदा तो फॅनही मान फिरवून आपल्याकडे बघतो. आणि हैवान! गावावर तुटून पडण्याआधी हा मनगटावरचं घड्याळ बघतो. उशीर झाला की अर्धं गाव तसंच सोडून निघून जातो.’

बाईंना हसू फुटलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. या माणसाने एवढा जीव ओतला होता. आता तो लेकीचा लेख पुन्हा कधी मोठ्याने वाचणार नाही. त्यांनी पुरवणी दुरुस्तीला आलेल्या खुर्चीच्या गादीखाली सरकवली.

सोफेवाल्यापासून गादीखाली काही लपवायचं म्हणजे कमालच होती. तो नेमका त्याच खुर्चीवर टेकला आणि लगेच उठला. गादीत काहीतरी वाजतंय म्हणाला, आणि कागद बाहेर काढला.

त्याने लेख मनातल्या मनात वाचला.

“घड्याळाची चूक माझी,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला कधी सांगितलं नाही.”

“मला तेव्हाच दिसलं होतं.”

“मग थांबवलं का नाही?”

“तू ते काढून ठेवलं असतंस. आणि इकडे पोर दुधाशिवाय रडत बसली असती.”

इतकी वर्षं बाई चूक पोटात घेऊन बसल्या होत्या आणि हा शहाणा सगळं जाणून गप्प राहिला होता.

दुपारी लेक जेवायला आली. जेवणं झाल्यावर बापाने साळसूदपणे विचारलं, की एवढ्या टुकार सिनेमात तुला काहीच आवडलं नाही का?

“हैवान आवडला,” ती म्हणाली. “छापताना जागा नव्हती म्हणून तेवढं वाक्य कापलं त्यांनी. बाबा, अख्ख्या सिनेमात सगळे नाटक करतात, तो एकटा नाही करत. त्याला खरंच कुठेतरी जायचं असतं. कोणीतरी त्याची वाट बघत असतं.”

सोफेवाल्याने बायकोकडे बघितलं.

“तू,” बाई म्हणाल्या. “शूटिंग चालायचं तिथून पलीकडच्या खोलीत, पाळण्यात. दुधाची वेळ झाली की सगळं गाव डोक्यावर घ्यायचीस.”

लेक एकदा आईकडे बघे, एकदा बापाकडे. तिचा चेहरा पार उतरला. ती काही बोलणार, तेवढ्यात सोफेवाल्याने चष्मा पुसला, पुरवणी उलगडली आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला घेतलं. घड्याळापाशी आल्यावर मात्र त्याला पुढे वाचवेना, म्हणून उरलेलं हैवानाने वाचलं.