चांगल्या पुस्तकाचा तोटा

धम्मरत्न वाघमारे यांनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शिकायचं ठरवलं, यात पायथनचा काही दोष नव्हता. त्यांची मुलगी दिव्या बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि तिच्याशी बोलायला त्यांना विषय हवा होता.

जयमाला होती तोवर ही अडचण नव्हती. दिव्याचा फोन आईला यायचा, तासभर चालायचा आणि शेवटी जयमाला स्वयंपाकघरातून सांगायची, "तुम्हाला विचारलंय हो." वाघमारे "बरं" म्हणायचे. एवढ्यावर बापलेकीचं सहा वर्षं व्यवस्थित चाललं होतं. जयमाला जाऊन आता दीड वर्ष झालं. फोन थेट वाघमाऱ्यांनाच यायचा, रविवारी साडेदहाला. जेवलात का, बीपीची गोळी घेतली का, पाणी आलं का. वाघमारे राहायचे त्या रहाटणीत पाणी दिवसाआड येत असल्यामुळे निदान तिसऱ्या प्रश्नाला दोन वेगवेगळी उत्तरं होती. दोन मिनिटांत सगळं उरकायचं.

कुरुळीजवळच्या एका कंपनीत वाघमारे बाहेरून येणारा माल, म्हणजे पत्र्याचे सुटे भाग, तपासायचे. सत्तावीस वर्षांत त्यांनी तुलनेचा तक्ता केल्याशिवाय काही घेतलं नव्हतं. अपवाद लग्नाचा, पण तेव्हा ते नोकरीला लागले नव्हते. पायथन कशावरून शिकायचं यासाठीही त्यांनी तक्ता केला. एक हिंदी व्हिडिओमाला, ज्यातला मुलगा पहिली अकरा मिनिटं चॅनेल कसं सबस्क्राइब करायचं हेच शिकवत होता. एक इंग्रजी ग्रंथ, नऊशे पानांचा, मुखपृष्ठावर 'अगदी सोपं' असं लिहिलेला. एक ॲप, जे प्रत्येक बरोबर उत्तराला टाळ्या वाजवायचं आणि चुकीच्या उत्तरालाही 'छान प्रयत्न' म्हणायचं. आणि पिंपरीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेलं एक मराठी पुस्तक.

कॅन्टीनमध्ये तक्ता बघून टूलरूमचा झिशान म्हणाला, "साहेब, पोरं एक व्हिडिओ लावतात आणि सुरू करतात. तुम्ही तर टेंडर काढलं."

"सुरू करतात आणि सोडतात."

"तुम्ही सुरू न करताच सोडाल. तेवढाच वेळ वाचेल."

ब्याण्णव गुण मिळवून मराठी पुस्तक पहिलं आलं. भाषा साधी, अक्षर मोठं, आकृत्या भरपूर. छपाईचं साल बघायला तक्त्यात रकाना नव्हता, कारण पत्र्याचे भाग शिळे होत नाहीत. साल २००९ होतं.

पहिल्याच धड्यातला पहिलाच प्रोग्राम चालला नाही. वाघमाऱ्यांनी तो चार वेळा पुस्तकाशी ताडून पाहिला आणि मग, बुधवार असूनही, दिव्याला फोन लावला.

"पप्पा? काय झालं?"

"प्रिंट होत नाही."

"प्रिंटर घेतला?"

खुलासा व्हायला पाच मिनिटं गेली. त्यानंतर ती हसली. जयमाला गेल्यानंतर वाघमारे तिचं हसणं पहिल्यांदाच ऐकत होते. प्रिंटनंतर कंस लागतो, असं तिने सांगितलं. पुस्तकात कंस नव्हता. फोन चौदा मिनिटं चालला.

दुसऱ्या धड्यात सात भागिले दोन होतं. पुस्तक म्हणत होतं तीन, मशीन म्हणत होतं साडेतीन.

"अर्ध्याचा फरक येतोय," वाघमारे फोनवर म्हणाले. "आमच्याकडे अर्ध्या मिलिमीटरवरून अख्खी गाडी परत जाते."

"मग पाठवा परत पायथनला," दिव्या म्हणाली. पुढे बोलता बोलता, खोलीतली मैत्रीण भांडी घासत नाही, हेही तिने सांगितलं. मी आईसारखं वरण करायला जाते, पण ते आईसारखं होत नाही, म्हणाली. वाघमारे म्हणाले, "ती शेवटी चिमूटभर गूळ टाकायची." हे आपल्याला माहीत आहे, हे त्यांनाही बोलल्यावरच कळलं.

पाच आठवडे असे गेले. पुस्तकातला एकही प्रोग्राम धड चालायचा नाही. आठवड्यातून तीन फोन सहज व्हायचे.

सहाव्या आठवड्यात दिव्याने पुस्तकाच्या पानाचा फोटो मागवला. "पप्पा, हे जुन्या व्हर्जनचं आहे. बंद झालं ते. रद्दीत टाका."

"मराठी चांगलं आहे त्याचं."

पण मुलगी त्यांचीच होती. तिने ऑफिसात चौघांना विचारलं, तीन कोर्स स्वतः चाळून बघितले आणि त्यातला सगळ्यात चांगला पाठवला. "अडलंच कुठे तर एआयला विचारा. लगेच सांगतो."

कोर्स खरोखरच चांगला होता. सगळं पहिल्या फटक्यात चालायचं. एकदा वाघमाऱ्यांनी मुद्दाम एआयला काहीतरी विचारलं. चार सेकंदांत उत्तर आलं, त्याच्या आधी 'उत्तम प्रश्न' असं लिहिलेलं. प्रश्न उत्तम नव्हता. तीन आठवडे फोन करायचं कारणच घडलं नाही. रविवार पुन्हा पाण्यावर आला.

त्याच सुमारास कंपनीत वर्षातला उत्तम सप्लायर निवडायचा होता. नऊ वर्षांत ज्याचा एकही नग परत गेला नाही, तो निवडला. त्याला बोलवायचं ठरलं, तर मालकाचं नाव कुणाला आठवेना, कुणाकडे नंबरही निघेना.

"कधी फोन करायची वेळच आली नाही ना, साहेब," झिशान म्हणाला. "त्या भोसरीवाल्याचं बघा. दर आठवड्याला माल नापास, त्यामुळे त्याच्या पोरीच्या साखरपुड्यालासुद्धा आपण जाऊन आलो."



शनिवारी संध्याकाळी त्यांनी चहा केला, लॅपटॉप उघडला, त्या दिवसाचा प्रोग्राम लिहिला. तो चालला. पुन्हा चालवला, पुन्हा चालला. त्यांनी दिव्याला फोन लावला.

"पप्पा? काही अडलं का?"

"नाही."

"मग?"

"असंच."

"असंच म्हणजे? छातीत दुखतंय का? पप्पा, खरं सांगा. गोळी घेतली होती ना? मी शेजारच्या इंदुताईंना फोन करू का?"

तिचा आवाज चढत चालला होता. दवाखान्यातून जयमालाची बातमी देतानाही वाघमाऱ्यांनी सुरुवातीला 'असंच' म्हटलं होतं.

"अगं, तब्येत ठीक आहे," ते घाईने म्हणाले. "तो प्रोग्राम. चालत नाहीये."

दिव्याने इतका मोठा श्वास सोडला की तो रहाटणीपर्यंत ऐकू आला. "असं सांगा ना मग. घाबरवलंत मला. फोटो पाठवा, एका मिनिटात बघते."

"फोटो नीट येत नाही. वाचूनच दाखवतो."

"सगळा?"

"बावीसच ओळी आहेत."

"बरं, थांबा, चहा घेऊन बसते." कप ठेवल्याचा आवाज आला. "हं, वाचा."

वाघमाऱ्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सावकाश वाचायला सुरुवात केली. कंस उघडला, कंस मिटला, सगळं सांगत. मध्येच ती "थांबा" म्हणायची, विचार करायची, "बरोबर आहे, पुढे" म्हणायची. बावीस ओळी झाल्या.

"पप्पा, यात मला तर काहीच चूक दिसत नाही."

"असेल कुठेतरी," वाघमारे म्हणाले. "परत वाचतो."