बांगड्याच्या सारात अननस

आमचे हे बिघडले ते परदेशात. आता नवरा परदेशात बिघडला म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतंच काहीतरी येतं. जानकीच्याही आलं. जानकी म्हणजे माझी जाऊ. शेजारच्याच घरात राहते आणि आमच्याकडे काय चाललंय ते तिला आमच्या आधी कळतं. आवाज बारीक करून मला म्हणाली, "गो तुळसा, बाई कोण आसा ती?"

मी म्हटलं, "बाई नाय गो. बांगडो."

आमची मुलगी संचिता मलेशियात, पेनांगला असते. तिथे चिप बनवायच्या कारखान्यात इंजिनियर आहे. पावसाळ्यात देवबागला पाहुणे नसतात, आमचा होमस्टे बंद असतो, म्हणून तिने आम्हा दोघांची तिकिटं काढली. मी मालवणी मसाल्याची बरणी, कोकमाची सोलं आणि तिरफळं बॅगेत घातली. कारण आमचे गुरुप्रसाद बाहेरचं खाणारे नव्हेत. कसालला भाचीच्या लग्नाला गेले होते, तिथे पंगतीला बसले आणि घरी येऊन परत जेवले.

पहिल्याच दिवशी संचिता आम्हाला बाजाराजवळच्या एका टपरीवर घेऊन गेली. वर पत्रा, खाली प्लास्टिकची स्टुलं, मध्ये डगमगणारं टेबल. पुढ्यात वाडगा आला. संचिता म्हणाली, ह्याला लाक्सा म्हणतात. मी आत बघितलं. बांगड्याचं सार होतं. चिंचेचं आंबट, लाल मिरचीचं तिखट, इथवर ठीक. पण त्यात अननस! वर पुदिना, कसल्यातरी गुलाबी फुलाची चिरलेली कळी आणि बाजूला चमच्यात कोळंबीची काळी गोडसर चटणी. आणि तळाशी शिरवाळे. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडलेल्या शेवया, त्या आमच्याकडे गुळाच्या रसात खातात. त्या माशात बुडवायच्या म्हणजे पुरणपोळीवर सुकट पसरण्यातला प्रकार. आमच्याकडे एखाद्या नव्या सुनेने हे केलं असतं तर तिच्या आईला फोन गेला असता.

ह्यांनी एक चमचा तोंडात घातला. वाडगा संपवला आणि हाताने खूण करून दुसरा मागवला.

मग रोज तेच. तिथला डोंगर बघायला नको, देऊळ बघायला नको, टपरी उघडली काय ते बघा. सोमवारी आमच्या घरात मासा शिजत नाही. लग्नापासून बघतेय, ह्या माणसाने सोमवार कधी मोडला नाही. तिथे सोमवारी सकाळीच टपरीवर जाऊन बसले. मी म्हटलं, "ओ, आज सोमवार."

"गावात अजून उजाडूक नाय," म्हणाले आणि चमचा उचलला. तिथलं घड्याळ आपल्या पुढे असतं, हे त्यांना तेवढ्यापुरतं बरोबर कळलं होतं.

मीही खाल्लं. दुसरं काय करणार, उपाशी बसू? रोज ह्यांच्या समोर बसून खाल्लं. वाईट नव्हतं, एवढंच सांगते. मसाल्याची बरणी जशी नेली तशी परत आणली.

घरी आलो. नवा बांगडा यायला लागला तशी मी पहिल्या दिवशी तिरफळं घालून सार केलं. ह्यांनी अर्धं खाल्लं आणि ताट सरकवलं. "बरा झाला," म्हणाले. आता हा माणूस आयुष्यात कधी माझ्या जेवणाला बरं म्हणाला नव्हता. बोलायचाच नाही. ताट मात्र असं पुसून यायचं की घासायला घेताना हसू यायचं. तीच माझी शाबासकी होती. आता तोंडाने बरं म्हणत होते आणि ताटात अर्धा बांगडा शिल्लक होता. मला रडू आलं. चुलीपाशी उभी राहून रडले, आणि धूर गेला डोळ्यात म्हणायला घरात धूर तरी कुठाय, गॅस आहे.

पाहुणे यायला लागले. पुण्याची माणसं माझ्या थाळीचे फोटो काढतात, काकू हाताला काय चव आहे म्हणतात. म्हणेनात का! मला त्या चवीचा एकच माणूस हवा होता आणि तो ताटात बोट फिरवत बसला होता.

ह्यांनी संचिताला सांगून त्या साराचं पाकीट मागवलं. काळी चटणी, सुकवलेलं फूल, सगळं आलं. माझ्या स्वयंपाकघरात स्वतः रांधलं, पडवीत एकटेच बसून खाल्लं. मी दाराशी उभी. दोन घास खाऊन मान हलवली. "ता न्हय." मग पुदिना वाढवला. ता न्हय. मग अननस. ता न्हय. "कायतरी कमी आसा," एवढंच म्हणायचे आणि समुद्राकडे बघत बसायचे. माणूस वाळायला लागला. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. लोक विचारायला लागले, साखर तपासली काय? तपासली. रक्तात काही नाही. डॉक्टर म्हणाले, जेवण वाढवा. जसं काही मी कमी करत होते!

तेव्हा मात्र मी घाबरले. राग सगळा तसाच होता, पण घाबरले.

जानकी म्हणाली, गाऱ्हाणं घाल. मला तरी दुसरं काय सुचणार होतं! आमच्याकडे म्हैस हरवली, लग्न अडलं, बोटीचं इंजिन रुसलं, तरी माणूस आधी देवाकडे जातो, मग मेकॅनिककडे. सोमवारी नारळ घेऊन देवळात गेले. ह्यांनाही नेलं. वाडीतली पंधरावीस माणसं जमली होती. दत्तारामभाई आमचे गावकर, देवळाचे मानकरी, गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांच्या कानात मी हळूच सांगितलं. पण गाऱ्हाणं काही कानात घालत नाहीत. दत्तारामभाईंनी नारळ हातात घेतला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकीन आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवलेलो आसा. तिचो घोव दर्यापलीकडे जावन इलो आणि थंयच्या बांगड्याच्या नादाक लागलो!"

"होय म्हाराजा!" सगळी माणसं एका सुरात म्हणाली. ह्यांनी मान खाली घातली.

"घरच्या जेवणावरसून तेचा मन उडाला. तर म्हाराजा, तेचा मन थंयसून काढून परत हिच्या चुलीकडे वळव!"

"होय म्हाराजा!" जानकीचा आवाज सगळ्यात मोठा होता.

मग कौल लावला. पाषाणाला दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि देवाला विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आम्ही सगळे टक लावून बसलो. डावी पडली. दत्तारामभाईंनी खाकरून परत लावली. परत डावी. आमच्या देवाने म्हशी शोधून दिल्यात, पण माझ्या नवऱ्याची जीभ सोडवायला तयार नव्हता.

दत्तारामभाईंनी जरा विचार केला. म्हणाले, "म्हाराजा, तर मगे तुळसान ता थंयचा सार हंय रांधूचा काय?" त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं, उजवी कळी टपकन पडली. "होय म्हाराजा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या देवाला दरवर्षी माझ्या हातचे वडे जातात, त्याने माझ्याच चुलीविरुद्ध कौल द्यावा? पण दिला. आता देवाच्या शब्दाबाहेर कोण जाणार?

बुधवारी ताजे बांगडे घेतले. मालवणच्या बाजारातून अननस आणला. शिरवाळ्यांचा साचा दाबायला जानकी आली आणि सबंध वेळ तोंडाला पदर लावून उभी राहिली. "देवान सांगल्यान म्हणान हा," असं स्वतःलाच समजावत होती. पाकिटातलं फूल संपलेलं, काळी चटणी संपलेली. शिरवाळे सारात पडून गिच्च झाले. रागाच्या भरात मीठही चिमूटभर जास्त पडलं.

पाहुणे डॉल्फिन बघायला बोटीतून गेले होते. घरात आम्ही दोघंच. मी ह्यांच्या पुढ्यात वाडगा आपटला, आपला घेतला आणि समोर बसले. प्रेमाने नव्हे हं. देवाचा हुकूम पुरा झाला की नाही ते बघायला. शेवटचा शिरवाळा पोटात जाईपर्यंत हलायचं नाही, असं ठरवून बसले. ह्यांनी खाल्लं. अजून मागितलं. वाडगा चाटून ठेवला आणि म्हणाले, "आता जमला."

मी चाट पडले. माझी जीभ काही मेलेली नाही. ते सार तिथल्या साराच्या आसपासही नव्हतं. पाकिटातलं त्याच्या कितीतरी जवळचं होतं. पण माणूस खातोय ना, मग आपण कशाला तोंड उघडा?

दुसऱ्या दिवशी टोपात उरलेलं तेच सार गरम करून ह्यांना दिलं आणि आत गेले. पाहुण्यांसाठी बांगड्याचं आपलं सार चुलीवर होतं. जरा वेळाने पडवीतून आवाज आला, "ता न्हय."

मी पळी घेऊनच बाहेर आले. "ओ! टोप तोच, हात तोच, सार कालचाच. काल जमला नि आज नाय? जीभ आसा काय वारो?"

तेही बुचकळ्यात पडले. वाडग्यात बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहिले. म्हणाले, "काल तू हंय बसलंस."

"मगे?"

"थंय पण बसायचंस."

एवढं बोलले आणि असे लाजले की जसं काही वाईट बोलून गेले. मला पळी कुठे ठेवावी ते कळेना. आमच्यात घरची बाई शेवटी जेवते. सासूबाई होत्या तेव्हा त्यांच्या मागून, मग संचिताच्या मागून, आता पाहुण्यांच्या मागून, ओट्याशी उभ्याने, उरेल ते. त्यात काही दुःख मानावं असं कधी मनात आलं नाही. सगळ्याच तशा जेवतात. पण ह्यांनी मला जेवताना कधी बघितलंच नव्हतं. संसाराला तीस वर्षं झाली, आणि बायको जेवते कशी ते बघायला माणसाला विमानाने जावं लागलं.

"पाहुणे खोळंबलेहत," मी म्हटलं.

"ऱ्हवतले वाईच," म्हणाले आणि स्वतः उठून दोन ताटं घेऊन आले. तो वाडगा बाजूला ठेवला. चुलीवरचं सार अजून रटरटत होतं, तेच वाढलं, त्यांनीच. मी बसले. पहिल्या घासाला जीभ पोळली. तिरफळाचा वास थेट नाकात चढला, सोलांचा आंबटपणा मागून आला, बांगडा काट्यावरून अलगद सुटला. लोक बोटं का चाटतात ते मला कधी कळलं नव्हतं. मला वाटायचं, पुण्याची माणसं आहेत, चाटतात. माझं सार मी गरम असताना कधी खाल्लंच नव्हतं.

ह्यांनी काहीतरी विचारलं.

मी म्हटलं, "गप ऱ्हवा. माका जेवांदेत."