भांड्यातला शेवटचा घोट

रविवारी पाद्रीबाबांचं गात-गात रंगवलेलं प्रवचन संपलं, तरी लुव्हेनियाच्या कानात डेल्फीनचाच आवाज घुमत होता. बाबांनी ओळ वर चढवावी आणि गायकवृंदातल्या या बाईने ती अलगद झेलावी, ही देवाचीच कृपा. पण तिच्यामागे उभं राहून गाणाऱ्या आपल्या नवऱ्याचे, रोस्कोचे, डोळे का भरून यावेत? वर त्याने तिला घरी मिल्कशेक प्यायला बोलावलं!

रोस्को तरुणपणी मेम्फिसमधल्या एका सोडा-मिल्कशेकच्या दुकानात कामाला होता. स्टीलच्या उंच भांड्यात शेक घुसळायचा, ग्लास भरून पाहुण्याला द्यायचा आणि भांड्यात उरलेला दाट, बर्फगार घोट लुव्हेनियाला, ही लग्नापासूनची रीत. आज त्याने ग्लासही डेल्फीनपुढे ठेवला आणि भांडंही.

"दुकानात गिऱ्हाइकाला दोन्ही द्यायचो," तो हसत म्हणाला.

"हो का? म्हणजे आता गिऱ्हाइकं घरी यायला लागली!" लुव्हेनिया फणकारली.

डेल्फीनने भांडं तिच्याकडे सरकवलं. "सिस्टर, हे तुमचं. गाण्याच्या सरावाला रोस्को सारखं सांगतात, 'भांड्यातलं फक्त माझ्या बायकोचं.' आज उगाच मोठेपणा दाखवताहेत."

रोस्को पार ओशाळला. लुव्हेनियाने भांडं दोन्ही हातांनी ओढून घेतलं आणि एक मोठा घोट घेतला. आतला जाळ खाली बसला, पण विझला नाही.

"सराव बुधवारी असतो ना गं?" तिने ओठ पुसत विचारलं. "मीही येते. गळा नाही मला, पण देवाच्या दारी नुसतं बसायला कोण नको म्हणतंय?"