पलूसच्या लेथवर कातलेल्या सहा पिना

मित्रांनो, पलूसच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक लांबट शेड आहे. आत शिरलात की उजव्या हाताला हिरवा रंग उडालेला, दहा माणसांनाही न हलणारा एक जुना लेथ दिसेल. तो मी. कुंभार चाकावर माती फिरवून तिला आकार देतो, तसा मी लोखंड फिरवतो आणि टर्नर ते हत्याराने कातून हवा तो आकार काढतो.

माझा जन्म साताऱ्याचा. तिथल्या एका कारखान्यात ओतीव बिडातून मी घडलो. या शेडचे मालक लालासाहेब यांनी मला ट्रकमधून पलूसला आणले, तेव्हा या शेडभोवती नुसता ऊस होता. पंपाचे दांडे, गुऱ्हाळाच्या चरकाचे रूळ, ट्रॅक्टरचे बोल्ट, काय काय मी कातले. पुढे बुद्धभूषण नावाचा तरुण टर्नर माझ्यावर काम करू लागला आणि तीस वर्षे तो माझ्यापासून हलला नाही. माझ्या पाठीच्या मधल्या भागात झीज झाली आहे, तिथे हत्यार किंचित खाली बसते. हे त्याच्या हाताला ठाऊक आहे. त्या जागी आले की तो चाक आपोआप केसभर मागे घेतो.

लालासाहेब गेले. त्यांची लेक संयोगिता इंजिनिअर होऊन आली. तिने संगणकावर चालणारी नवी यंत्रे आणली आणि ते योग्यच केले. पण माझ्यावर ताडपत्री पडली. माझ्या चाकाला लोक जेवणाचे डबे अडकवू लागले. फक्त भूषण दर शनिवारी ताडपत्री उचलून मला तेल द्यायचा.

अशातच एक छोटे काम आले. 'झेप' नावाच्या अंतराळयानासाठी करंगळीएवढ्या तीस पिना हव्या होत्या.

संयोगिता म्हणाली, "काका, तीसच नग आहेत. नवी मशीनं पंपाच्या कामात अडकलीत. जुन्यावर होतील का?"

"हुत्यात की," भूषण म्हणाला.

तो धातू फार चिवट होता. वीस दिवस आम्ही दोघे त्याच्याशी झुंजलो, तेव्हा कुठे शेवटी शेवटी तासाला एक पिन निघू लागली. तीस पिना झाल्या, तपासल्या गेल्या आणि त्यांतल्या सहा यानावर चढल्या. परतीच्या हवाई छत्र्या ज्या झाकणाखाली असतात, ते झाकण या सहा पिनांनी धरून ठेवायचे होते. यान वातावरणात शिरते तेव्हा बाहेर आगीचा लोळ असतो. तेवढा वेळ झाकण टिकले पाहिजे आणि मगच सुटले पाहिजे. आधीच उडाले तर छत्र्या जळून जातील.

झेप आकाशात गेले. त्यात दोघे जण होते आणि त्यांतली एक उंब्रजची अंकिता होती. पाचव्या दिवशी बातमी आली. अंतराळात भटकणारा, ज्वारीच्या दाण्याएवढा एक तुकडा यानाला धडकला होता. झाकणाजवळचे उष्णतारोधक आवरण उडाले होते. आता दोन पिनांना ठरल्यापेक्षा जास्त आच लागणार होती. त्या तग धरतील का, हे कुणालाच सांगता येत नव्हते. यानात आणखी तीन दिवस पुरेल एवढीच हवा होती.

मित्रांनो, त्या दिवसांत लोकांना दुसरे काही सुचत नव्हते. औंधच्या यमाईला नवस बोलले गेले. पलूसच्या बुद्धविहारात लोक वंदनेला बसले. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या थांबवून माणसे मोबाइलमध्ये डोके घालून उभी राहिली. आणि दूरदर्शनच्या पडद्यावर कुणीतरी विचारले, "अशा पिना एका गावातल्या जुन्या यंत्रावर का बनवल्या?" त्या बातमीत माझे चित्र दाखवले, तेही ताडपत्रीसकट. मला फार लागले. भूषणला त्याहून जास्त लागले असेल.

बातमी आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, ताठ म्हातारा शेडच्या दारात आला. ते सुभेदार वीरधवल, अंकिताचे वडील. उंब्रजहून मोटारसायकलवर आले होते.

"तुमीच केल्यात व्हय त्या पिना?" त्यांनी विचारले.

"व्हय, साहेब. ह्याच लेथवर."

"मग सांगा मला. टिकतील?"

भूषणने हात पुसले. खोटा धीर देणे सोपे होते. तो म्हणाला, "माझ्या हातनं गेल्या तवा बरोबर हुत्या, ही खात्री हाय. पर ठरल्यापरीस जास्त आगीत काय हुईल, ते मला सांगता यायचं न्हाई. खोटं कसं बोलू तुमच्याम्होरं?"

"खरं बोल्लासा, बरं केलंसा. कालपासनं जो तो मला काय न्हाई हुणार म्हणतोय," सुभेदार म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तेवढ्यात संयोगिताचा फोन वाजला. अंतराळ संस्थेतले इंजिनिअर बोलत होते. जादा पिना पूर्वीच्या चाचण्यांत मोडून संपल्या होत्या. आता तीन पिना हव्या होत्या, त्याच सळईतून, त्याच यंत्रावर, त्याच हाताने केलेल्या. त्या भट्टीत तापवून, ताणून पाहायच्या होत्या. त्यावरून यान कधी आणि कसे उतरवायचे ते ठरणार होते.

संयोगिताने फोन भूषणच्या कानाला लावला. तो ऐकत राहिला आणि मग तिला म्हणाला, "तवा केल्या तशाच करा म्हणत्यात. वाईट न्हाई, आन जास्त चांगल्या बी न्हाई. चांगल्या केल्या तर चाचणीच खोटी पडंल."

संयोगिताने स्वतः माझ्यावरची ताडपत्री ओढून काढली. लालासाहेबांनी लावलेल्या सवयीमुळे भूषणने जपून ठेवलेला सळईचा तुकडा कपाटात सापडला. तो वीतभरच होता. त्यातून चार पिना निघाल्या असत्या, त्याहून एकही जास्त नाही.

सकाळचे दहा वाजले होते. मी फिरू लागलो. पहिली पिन जवळजवळ झाली. मधली खाच पाडताना मात्र हत्यार किंचित थरथरले. भूषणने मला थांबवले. पिन मोजली. माप बरोबर होते.

"मग चालेल ना?" संयोगिताने विचारले.

"न्हाई. आवाज बदलला हुता. तवा असा आवाज आला असता तर मी ही टाकलीच असती."

त्याने ती पिन बाजूला ठेवली. आता तीनच निघणार होत्या आणि तीनच हव्या होत्या. सुभेदार उठून उभे राहिले.

मी बिडाचा आहे. मला हात जोडता येत नाहीत. मला फक्त न हादरता फिरता येते. तेवढे मी केले, आयुष्यात कधी केले नव्हते इतके मन लावून केले. झिजलेल्या जागेवर आलो की भूषणचा हात केसभर मागे येत होता. दुसरी झाली. तिसरी झाली. दुपारी दोन वाजता शेवटची पिन त्याच्या तळहातावर होती.

कॉलेजच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरले होते. अख्खे पलूस तिथे लोटले होते. संयोगिताने कापसात गुंडाळलेली डबी वैमानिकाच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल आला. तिन्ही पिना तापवून ताणल्या होत्या. यान उतरताना चार मिनिटांची जास्त आच सोसायची होती. सर्वांत आधी तुटलेली पिनसुद्धा नऊ मिनिटे टिकली होती. यान उतरवायचे ठरले.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी शेडमध्ये टीव्ही लावला होता. सुभेदार पुन्हा आले होते. "घरात बसवंना," ते म्हणाले. यानाशी संपर्क तुटला, आगीच्या लोळात तो तुटणारच होता. ती काही मिनिटे शेडमध्ये पंखा तेवढा वाजत होता. मग पडद्यावर निळ्या आभाळात आधी एक ठिपका दिसला आणि त्यावर तीन केशरी छत्र्या उमलल्या. झेप समुद्रावर अलगद टेकले.

सुभेदार कुणाला तरी मिठी मारतील असे मला वाटले होते. ते सावधानमध्ये उभे राहिले आणि त्यांनी भूषणला कडक सलाम ठोकला. भूषण गोंधळला. हात कुठे ठेवावा हे न सुचून त्याने तो माझ्यावर टेकवला. मित्रांनो, एवढा अभिमान मला त्यापूर्वी कधी वाटला नव्हता.

पुढच्या आठवड्यात भिलवडीच्या सुलाबाईंच्या विहिरीवरच्या पंपाचा दांडा दुरुस्तीला आला. नवी यंत्रे कामात होती, म्हणून तो माझ्या वाट्याला आला. भूषणने तो तीनदा मोजला.

संयोगिता हसून म्हणाली, "काका, हा काय अंतराळात जायचाय?"

"न्हाई, ताई. पर ह्याच्यावर बी कुणाचं तरी रान भिजायचं हाय."

मित्रांनो, तुमच्या हातातही रोज काही ना काही काम असते. वही असेल, सायकल असेल, आईने सांगितलेले एखादे किरकोळ काम असेल. त्यावर कुणाचे काय अवलंबून आहे, हे ते करताना बहुधा दिसत नाही. म्हणून ते नीट करा. चुकले तर चुकले म्हणा आणि बाजूला ठेवून पुन्हा करा. आणि ज्या यंत्राने, ज्या अवजाराने ते काम करता, त्याला वेळच्या वेळी तेल द्या, पुसून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, पण तुम्ही सांभाळलेत तर आम्ही साथ सोडत नाही.