डावी बाजू

खोका उघडायच्या आधीच नवराबायकोत वाटणी झाली होती. काका डावखुरे, म्हणून खोक्यातले सुटे भाग जोडून करायच्या छोट्या लाकडी जहाजाची डावी बाजू त्यांची आणि उजवी काकूंची. "माझी आधी पूर्ण होणार बघ," असंही काकांनी सांगून ठेवलं होतं. आणि खोका तसाच टाकून ते गेले. सकाळी चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. घाई त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. रस्त्यानं जातानासुद्धा काकूंच्या चार पावलं पुढे असायचे.

काकू कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायच्या. काका गेल्यावर आठ महिन्यांनी, एका सकाळी कामाला निघण्याआधी, त्यांनी खोका उघडला. ज्या बाईनं जन्मात हातोडी धरली नाही तिनं जहाज बांधायला घ्यावं म्हणजे कमालच. पण घरात नुसतं बसवत नव्हतं. आठवडाभरात त्यांनी कणा उभा केला, फासळ्या बसवल्या, वर डेक चिकटवला. मग रोज सकाळी आपल्या बाजूची एक लाकडी पट्टी. कोमट पाण्यात भिजवायची, हलकेच वाकवायची, गोंद लावून टाचण्यांनी पक्की करायची. टाचण्या रोवायला बोटाच्या टोकाला शिवणाचं पितळी टोपण, अंगुस्तान, घालायचं. हेच अंगुस्तान पळवून काका दुसऱ्या खोलीत टेबलावर टक-टक वाजवत बसायचे आणि काकू "आले" म्हणत शोधायला उठायच्या. तीस वर्षं हा पोरकटपणा चालला होता.

चार पट्ट्या झाल्यावर गोंद संपत आला. कामावरून परतताना काकू जिथून खोका आणला होता त्या दुकानदाराकडे गेल्या.

"दोन्ही बाजूंना आळीपाळीनं लावताय ना?" त्यानं विचारलं. "इकडे एक, तिकडे एक. नाहीतर कणा ओढला जातो, काकू. एकदा पुरता वाकला की मग काही करता येत नाही."

"मी उजवीच लावते."

"नवशिके सगळे हीच चूक करतात. मग डावी कधी लावणार?"

"ती माझी नाहीये," काकू म्हणाल्या. दुकानदारानं गोंदाची बाटली पुढे केली.

घरी येऊन बघतात तर डाव्या बाजूला चार पट्ट्या. काकूंनी बोट लावलं. गोंद ओला होता. दाराला कुलूप त्यांनीच लावलं होतं आणि एकुलती एक किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. टाचण्या मात्र त्यांच्यापेक्षा उलट्या कलत्या होत्या, डावखुऱ्या माणसानं रोवाव्यात तशा. काकूंच्या अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोला, त्यापाठोपाठ त्यांना बरंही वाटलं.

तेव्हापासून नेमच ठरला. सकाळी काकूंची पट्टी, त्या कामावर गेल्या की डावीकडची. काकू लगबगीनं घरी येऊ लागल्या, रिकाम्या खुर्चीशी बोलू लागल्या. प्रत्येक बाजूला वीस पट्ट्या होत्या. सोळावी लावली आणि त्यांनी उरलेल्या पट्ट्या मोजल्या. जहाज पुरं झाल्यावर हे कशाला येतील?

म्हणून काकूंनी हात आखडता घेतला. दोन दिवस दोन्ही बाजू तशाच राहिल्या. तिसऱ्या संध्याकाळी डावीकडे सतरावी पट्टी दिसली, चौथ्या संध्याकाळी अठरावी, पाचव्या संध्याकाळी एकोणिसावी. काकूंनी कण्याला मोजपट्टी लावून पाहिली. जहाजाचं नाक डावीकडे वळायला लागलं होतं.

"थांबा की जरा," काकू म्हणाल्या. "कधीतरी थांबा माझ्यासाठी."

पूर्ण केलं तर माणूस जाणार, नाही केलं तर दोघांचं जहाज मोडणार. सकाळी डोळे पुसत त्यांनी एका दमात तीन पट्ट्या लावल्या. संध्याकाळी कणा परत सरळ झालेला होता, आणि डावीकडे नवी पट्टी नव्हती. या एका वेळी काका थांबले होते.

दुसऱ्या दिवशी काकूंनी आपली विसावी पट्टी बसवली, अंगुस्तान टेबलावर ठेवलं आणि निघाल्या. कामात लक्ष लागेना. एका पँटचा एकच पाय त्यांनी दोनदा आखूड केला.

घरी आल्या तेव्हा डावी बाजू बंद झाली होती. गोंद ओला होता. टेबलावरचं अंगुस्तान मात्र गायब होतं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, पर्स उलटी केली, कात्रणांचा डबा झटकला. शेवटी जहाज उचललं, तर आत काहीतरी घरंगळलं.

काकूंना हसू आलं, आणि हसता हसता रडू. अंगुस्तान काढायचं तर एक बाजू फोडावी लागणार होती, आणि कुठलीच फोडवणार नव्हती. त्यांनी जहाज जपून स्टँडवर ठेवलं आणि हात बाजूला घेतले.

आतून आवाज आला. टक-टक.

"आले," काकू सवयीनं म्हणाल्या. आपण कुठे यायला हो म्हटलं, हे त्यांना म्हणून झाल्यावर कळलं.